वीसचा बिल्ला

सोमवार, ३ मार्च

आजपासून कामावर. ऑइल कंपनीची फुकट मिळालेली ही डायरी दोन वर्षं खणात पडून होती. तारखा जुन्या आहेत, त्या खोडून नव्या टाकतोय. डॉक्टर म्हणाले, रोजचं लिहीत जा, मोकळं वाटेल. मी बंद आहे असं त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. झोप लागते मला, चांगली नऊ-नऊ तास. रडू येत नाही आणि जेवणाची चव कळत नाही, एवढंच. पण डॉक्टरांशी कोण हुज्जत घालणार.

दादाला जाऊन तीन आठवडे झाले. उतारावर गाडीचं पुढचं डावं चाक निघालं आणि गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. चारच दिवस आधी आमच्याच गॅरेजमधून सर्व्हिस होऊन गेली होती. मिस्त्रीने चाक नीट आवळलं नाही, असं सगळे म्हणतात. त्याला घरी बसवलंय. २४ तारखेला चौकशी आहे. त्याची नोकरी राहते की जाते आणि त्याच्यावर पोलिसांत तक्रार द्यायची की नाही, हे त्या दिवशी ठरेल. पंचवीस वर्षं आम्ही एका छपराखाली काढली, तो मागे गाड्या खोलायचा आणि मी पुढे पार्ट्सच्या काउंटरवर. मला त्याचा राग यायला हवा. तोही येत नाही.

वहिनींनी जिन्याच्या पायरीवर डबा ठेवला होता. मी वरच्या खोल्यांत एकटा आणि खाली दादा-वहिनी, अशी आमची वर्षानुवर्षांची व्यवस्था. आता खाली त्या एकट्या. जेवलो. काय होतं ते आठवत नाही.

बुधवार, ५ मार्च

मॅनेजरने नवीन टूम काढली आहे. माझ्या काउंटरशेजारी काचेचं कपाट, त्यात चकचकीत अक्षरं आणि आकडे. गिऱ्हाइकाने यायचं, डिकीवरचा कंपनीचा बिल्ला काढून घ्यायचा आणि तिथे हवं ते लावून घ्यायचं. नाव म्हणा, आकडा म्हणा, लाडाचं काहीतरी. हे खातं माझ्या गळ्यात. तेवढंच मन रमेल तुमचं, म्हणाला. मी हो म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच हो म्हणतो.

बिल्ल्यांचा कंपन्यांनी पार विचका करून ठेवलाय. पूर्वी सोळा म्हणजे सोळाशेचं इंजिन, वीस म्हणजे दोन हजारचं. शेंबड्या पोरालाही कळायचं. मग पंधराशेच्या इंजिनावर वीसचा बिल्ला आला, कारण म्हणे ते वीसइतकं पळतं. मग वीस-एस आली, ती वीसपेक्षा लहान. मग नुसती एस आली, ती गाडीच वेगळी. माणसं काउंटरवर येऊन छातीठोकपणे सांगतात, आमची वीस आहे, आणि निघते भलतीच. आमच्याकडे सगळ्यात जास्त येणाऱ्या सोळा आणि वीस तर बाहेरून जुळ्या बहिणी. फरक सगळा आत. ब्रेक वेगळे, चाक बसतं तो हब वेगळा, चाकाचे बोल्टसुद्धा वेगळे. वीसचा बोल्ट तीन मिलिमीटरने लांब.

म्हणून माझा नियम आहे. बिल्ला सांगू नका, चॅसिस नंबर सांगा. तो कारखान्यातच पत्र्यात ठोकलेला असतो, तो खोटं बोलत नाही. काउंटरवर तशी पाटीच लावलीय मी. या पाटीपायी सगळे मला मास्तर म्हणतात.

गुरुवार, ६ मार्च

नव्या खात्याची भवानी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी केली. त्यांना बिल्ला नुसता काढून हवा होता. पेशंट बिल्ल्यावरून गाडी स्वस्तातली म्हणून ओळखतात आणि मग माझ्या हाताबद्दल शंका घेतात, म्हणाल्या. बिल्ला काढायचा म्हणजे गरम हवा मारायची आणि मासे धरायच्या गळाची दोरी त्याच्यामागून करवतीसारखी ओढायची. निघतो अलगद. पण खाली त्याची सावली राहते, तिथला रंग ऊन न लागल्याने गडद असतो. बाईंना म्हटलं, दोन उन्हाळे जाऊ द्या.

मग एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांना डिकीवर 'घाई नाही' असं हवं होतं. लावून दिलं. बायको म्हणाली, नुसतं 'नाही' लावा, तेवढंच ऐकत आलेय. मी हसलो असेन, कारण तीही हसली.

तिसऱ्याला सोळावर वीस हवा होता. असे दहातले सहा असणार. दादाच्या गाडीवर मीच लावला होता, मागच्या वर्षी त्याच्या साठाव्या वाढदिवसाला. मोडीत निघालेल्या एका वीसवरचा बिल्ला सोडवून आणला, घासूनपुसून चकाचक केला आणि सोळाच्या जागी बसवला. दादा जन्मभर पाण्याची मीटरं वाचत हिंडला, मोठी गाडी काही त्याच्या नशिबी आली नाही. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या त्याने. वहिनींना बोलावून फोटो काढायला लावला आणि म्हणाला, "आजपासून आपण वीस." मग रोज सकाळी काच पुसायच्या आधी बिल्ला पुसायचा, तोही स्वतःच्या रुमालाने. वहिनी करवादायच्या.

सोळाचा जुना बिल्ला माझ्या खणात, सुया-दोऱ्याच्या डब्यात आहे.

शनिवार, ८ मार्च

वहिनी वर आल्या. चौकशी समितीला अर्ज द्यायचाय, तुमचं अक्षर चांगलं आणि तुम्हाला त्यातलं कळतं, तुम्हीच लिहा, म्हणाल्या. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. 'सदर मिस्त्रीच्या हलगर्जीपणामुळे माझे पती प्राणास मुकले. त्यास कामावरून काढावे व त्याच्यावर गुन्हा नोंदवावा.' हलगर्जीपणा हा शब्द मी सुचवला. त्यांना निष्काळजीपणा म्हणायचं होतं, मला ते मिळमिळीत वाटलं.

सही करताना त्यांचा हात अजिबात हलला नाही. जाताना दारात थांबून म्हणाल्या, गाडी सर्व्हिसला टाकली त्या सकाळी यांनी तुम्हाला फोन केला होता ना, काय म्हणाले होते? काही नाही, नेहमीचंच, असं मी सांगितलं. खरं म्हणजे मला आठवतच नाही. फोन आला होता एवढं आठवतं. काउंटरवर गर्दी होती.

मंगळवार, ११ मार्च

नवी अक्षरं आली. तीन खोकी. लावून ठेवली. जेवलो.

शुक्रवार, १४ मार्च

जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री आला. आत यायला बंदी आहे, म्हणून बाहेरून खिडकीशी उभा राहिला. दाढी वाढलेली, तीही पांढरी. पंचवीस वर्षांत हा माणूस पांढरा झालाय हे मला माहीतच नव्हतं. त्याच्या लेकीचं लग्न ठरलं होतं, मुलाकडच्यांनी आता थांबू म्हणून सांगितलंय. माझ्यापुढे हात जोडले नाहीत त्याने, ते बरं झालं.

"मास्तर, पाना टक् वाजला," तो म्हणाला. "आठही बोल्टना वाजला. मी स्वतः ऐकलाय."

नेमका जोर बसला की टक् वाजतो असा पाना असतो, त्याबद्दल तो बोलत होता. मी म्हटलं, मग चाक निघेल कसं. तो म्हणाला, तेच तर कळत नाही, रात्रंदिवस डोक्यात तेच आहे. जुने बोल्ट गंजले होते, टाकून दिले. नवे वीसचे मागवले, तुम्हीच तर दिले. मी ते बसवले, चाक धरून हलवून बघितलं, घट्ट होतं. दादासाहेब तिथेच उभे होते, हसत होते.

मी बरं म्हटलं. बघू म्हटलं. तो गेला. दुपारनंतर एका नवऱ्या मुलाच्या गाडीवर दोघांची नावं चिकटवली, सरळ रेषेत आली.

वीसचे म्हणाला.

सोमवार, १७ मार्च

आम्ही चिठ्ठ्या टेबलावरच्या खिळ्याला टोचून ठेवतो. महिना झाला की गठ्ठा बांधून माळ्यावर. फेब्रुवारीचा गठ्ठा काढला. पाच तारीख, बुधवार. त्या दिवसाच्या एकेचाळीस चिठ्ठ्या आहेत. तेविसावी मिस्त्रीच्या अक्षरात. 'वीस. पुढच्या चाकाचे बोल्ट. आठ.' खाली चॅसिस नंबरची जागा कोरी. ती कोरी असली तर मी विचारायचं, न विचारता माल द्यायचा नाही, हा माझाच नियम. दिल्याची सही माझी आहे. वळणदार आहे. पाटी माझ्या डोक्यावरच लटकत होती.

चिठ्ठी परत गठ्ठ्यात ठेवली. मग काढून खिशात घातली. घरी येऊन जेवलो आणि झोपलो, नऊ तास.

बुधवार, १९ मार्च

अर्धा दिवस रजा टाकून पोलिसांच्या जप्तीच्या आवारात गेलो. दादाची गाडी तिथे ठेवली आहे. चौकीदाराला सांगितलं, भाऊ आहे, सामान बघायचंय. त्याने कुलूप काढलं आणि पेपर वाचत बसला.

पुढची बाजू बघितली नाही फारशी. उजवं चाक शाबूत आहे. त्याचा एक बोल्ट सोडवला आणि खिशातल्या व्हर्नियरने मोजला. वीसचा. सोळाच्या भोकाला तळ असतो. लांब बोल्ट आत जातो, तळाला टेकतो, पाना टक् म्हणतो, आवळणाऱ्याला वाटतं बसलं. चाक मात्र पुरतं दाबलं जात नाही. हलवून बघितलं तर घट्टच वाटतं. धक्के खात खात चार दिवसांत सैल होतं. बोल्टच्या टोकाला तळाशी घासल्याची चकाकी होती, रुपयाएवढीही नाही, मसुराच्या दाण्याएवढी.

मागे गेलो. डिकीला ओरखडाही नाही. वीसचा बिल्ला जागच्या जागी, पुसलेला असावा इतका स्वच्छ. दोरी सोबत नेली होती. का नेली होती माहीत नाही, पण होती. दहा मिनिटांत निघाला. खाली सोळाची सावली तशीच होती.

मिस्त्री बिल्ला बघून फसला. बिल्ला मी लावला होता. बोल्ट मी दिले. हे वाक्य लिहून बघितलं, म्हणजे काही होईल असं वाटलं होतं. काही झालं नाही. भूकही लागली होती.

शुक्रवार, २१ मार्च

आठवलं.

एक बाई त्यांच्या बिल्ल्याची जागा ठरवत होत्या, जरा डावीकडे, जरा उजवीकडे, आणि मी फोन खांद्यात धरून मॅनेजरला हो हो करत होतो. तसाच त्या बुधवारीही फोन खांद्यात धरला होता. पलीकडे दादा होता. एरवी गाडी तो घराजवळच्या गॅरेजात टाकायचा. यावेळी आमच्याकडे आण म्हणून मीच मागे लागलो होतो. तो आमच्या गॅरेजच्या मागच्या अंगणातून बोलत होता, हळू आवाजात, शाळेतल्या पोरासारखा.

"अरे, तुझा मिस्त्रीसुद्धा फसला. साहेब वीस घेतलीत वाटतं, म्हणाला. मी म्हटलं, हो, घेतली."

आणि मी हसलो. दोघेही हसलो, मी इतका की समोरचं गिऱ्हाईक बघायला लागलं. मग तो म्हणाला, बोल्ट बदलायचे म्हणतोय हा, तू बघून दे रे. मी म्हटलं, देतो. फोन ठेवला. चिठ्ठी आली, वीसचे आठ. हात लांब केला, फळीवरून काढले, दिले.

मला माहीत होतं की मिस्त्री फसलाय. पाच मिनिटांपूर्वी त्याच गोष्टीवर मी हसलो होतो.

रविवार, २३ मार्च

सकाळी खाली गेलो. वहिनी उद्याच्या चौकशीचे कागद फाईलमध्ये लावत होत्या. मी टेबलावर वीसचा बिल्ला ठेवला, शेजारी सोळाचा, त्यापुढे बोल्ट आणि चिठ्ठी. काउंटरवर माल मांडतात तसं. मग सांगितलं. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर उठून आलो असतो. फोनचंही सांगितलं. हसलो तेही.

त्यांनी बराच वेळ बोल्टकडेच बघितलं. तीन मिलिमीटर म्हणजे किती, असं विचारलं. मी नखाने दाखवलं. मग त्यांनी वीसचा बिल्ला उचलला, पदराने पुसला, आणि आपण काय करतोय ते कळल्यासारखा खाली ठेवला.

"तो अर्ज तुम्ही लिहून दिलात," त्या म्हणाल्या. "हलगर्जीपणा तुम्ही सांगितलात मला."

मी म्हटलं, तेव्हा आठवत नव्हतं. हे खरं आहे. खरं असूनही सांगताना खोटं वाटलं.

"भाऊजी, तुम्ही वर जा आता."

बोल्ट आणि चिठ्ठी उचलून आलो वर, बिल्ले तिथेच राहिले. संध्याकाळी पायरीवर डबा नव्हता.

सोमवार, २४ मार्च

मॅनेजरच्या खोलीत मॅनेजर, विम्याचा सर्व्हेअर, मालकांचे वकील. भिंतीला लागून मिस्त्री, इस्त्रीचा शर्ट घालून. वहिनी कोपऱ्यात. मी सोबत येऊ का विचारायचं धाडस केलं नव्हतं, त्या एकट्याच आल्या.

वकिलांनी आधी अर्ज वाचला. 'सदर मिस्त्रीच्या हलगर्जीपणामुळे'. वाचून झाल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं, हे अक्षर माझं आहे आणि यातलं नाव चुकलंय. चिठ्ठी दिली, बोल्ट दिला. सर्व्हेअरने त्याच्या व्हर्नियरने दोनदा मोजला, मग चष्मा काढून पुसला. मॅनेजर म्हणाला, मास्तर, तुम्ही दुःखात आहात, विचार करून बोला. मी म्हटलं, दुःखात असतो तर बरं झालं असतं. तसं बोलायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातून.

वहिनींना विचारलं गेलं, तुमचं काय म्हणणं. त्या उठल्या, टेबलावरचा अर्ज घेतला, त्याची चौपदरी घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. माझा अर्ज मागे, एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही. मिस्त्रीकडेही नाही.

मिस्त्री उद्यापासून कामावर. माझे कागद वर गेलेत, काय व्हायचं ते होईल. तोवर काउंटरवरच बसा म्हणाले, कारण नंबर दुसऱ्या कोणाला पाठ नाहीत. बिल्ल्यांचं कपाट मात्र माझ्याकडून काढून घेतलं.

बाहेर पायऱ्यांवर मिस्त्री भेटला. आभार वगैरे मानेल या भीतीने मी पाय उचलत होतो. तो म्हणाला, "मीही विचारायला हवं होतं, मास्तर. दादासाहेब वीस म्हणाले, मी मान डोलावली." मग दोघेही आपापल्या वाटेने गेलो.

शुक्रवार, २८ मार्च

डबा नाही. सहावा दिवस. खानावळीत जातो, ताट समोर येतं, संपतं. त्यांनी ठेवावा असं मी म्हणू शकत नाही आणि म्हणतही नाही. सकाळ-संध्याकाळ पायरीकडे नजर जाते खरी.

खाली त्यांचा रेडिओ चालू असतो. पूर्वी दादा लावायचा तेच स्टेशन. जिन्यावरून उतरताना मी चपला हातात घेतो.

काउंटरवर मिस्त्रीने चिठ्ठी दिली. चॅसिस नंबर त्याने स्वतःच लिहिला होता, सतरा आकडे-अक्षरं, ठळक. तरी हात पुढे करून उभा राहिला. मी विचारेपर्यंत हलला नाही. मी विचारला. त्याने पाठ म्हणून दाखवला, मग मी माल काढला.

बुधवार, २ एप्रिल

साडेसातला दार वाजलं. वहिनी. हातात डबा. पायरीवर न ठेवता वर घेऊन आल्या होत्या. महिन्याभरात त्या इतक्या वाळल्यात हे मला आज दिसलं.

आत या म्हटलं, आल्या नाहीत. डबा माझ्या हातात दिला, पण त्यांनीही तो सोडला नाही. दोघेही धरून उभे.

"आज सगळ्यांना विचारलात नंबर?"

"विचारला."

"एकालाही सोडलं नाही?"

"नाही."

"विचारत जा," त्या म्हणाल्या. मग डबा सोडला आणि खाली गेल्या. चौथ्या-पाचव्या पायरीवर थांबल्या, तिथूनच, पाठमोऱ्या म्हणाल्या, "तो सोळाचा बिल्ला मी ठेवून घेतलाय. वीसचा तुमच्याकडे पाठवते. तुमच्याकडेच असू दे तो."

दार लावलं. टेबलाशी बसून डबा उघडला. वरचा कप्पा भाजीचा, खालचा भाताचा, नेहमीसारखा. पहिला घास घेतला आणि थांबलो. भाजी खारट होती. इतकी खारट की घोटभर पाणी प्यायलो आणि पुन्हा घास घेतला, तोही खारट. त्यांच्या हातून मीठ कधी चुकत नाही. दोनदा पडलं असणार, लक्ष कुठेतरी असताना.

सगळी भाजी संपवली. संपवताना नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं, ते शर्टाच्या बाहीने पुसत होतो. डबा घासला आणि पायरीवर नेऊन ठेवला.